हिरव्यातली पोर

योसेफाचा चेहरा हिरवा झाला, म्हणून जसिंताचं लग्न ठरलं. वसईच्या त्या पट्ट्यातली जुनी माणसं ही गोष्ट अजून हसून हसून सांगतात. फक्त त्यांना ती निम्मीच ठाऊक आहे.

‘आनंदघंटा’ हे तिथल्या ख्रिस्ती मंडळींचं मासिक. बाकी सगळं जग पडद्यावर वाचायला लागलं, तरी त्याचा नाताळ विशेषांक कागदावरच निघायचा. चर्चमधली मिस्सा आटोपून घरी येताना हातात कोरा करकरीत अंक नसला, तर म्हाताऱ्यांना नाताळ आल्यासारखा वाटत नसे. तेवीस वर्षांपूर्वी त्याचं मुखपृष्ठ पहिल्यांदा ऑल्विन तुस्कानोकडे आलं. नुकताच चित्रकला शिकून आलेला पोरगा, हातात जादू. त्याने गोठा काढला तो थेट वसईतला: मागे केळीची बाग, बाजूला विहीर, लुगडं नेसलेली मारिया आणि तिच्या मांडीवर बाळ येशू. सगळं कसं झकास. बाळाचा बाप योसेफ तेवढा शेवाळासारखा हिरवागार. तेव्हाच्या संपादक फादरना वाटलं, ही नवी चित्रकला असेल, आपण कशाला तोंड उघडा. दिलं छापून.

जसिंता तेव्हा चर्चच्या शाळेत दुसरीला शिकवायची. वर्गातल्या एका मुलाने विचारलं, “टीचर, योसेफला उलटी येतेय का?” त्याच दुपारी ती अंक घेऊन ऑल्विनच्या ओट्यावर हजर.

“काय हो, ह्यांना काय झालंय?”

“ते प्रतीक आहे,” ऑल्विन म्हणाला.

“कशाचं?”

ओट्यावर त्याच्या आईने सुपात मिरच्या वाळत घातल्या होत्या. जसिंताने एक लाल आणि एक हिरवी उचलून त्याच्यापुढे धरली. “ह्यातली लाल कुठली, सांगा बघू.” ऑल्विनने बराच वेळ बघितलं आणि नेमकी चुकीची उचलली. मग इतकं केविलवाणं तोंड करून म्हणाला, “कुणाला सांगू नका. पोटावर पाय येईल माझ्या,” की जसिंताचं हसू तिथेच थांबलं.

तिने कुणालाही सांगितलं नाही. पुढच्या मे महिन्यात दोघांचं लग्न झालं, आणि त्यानंतर ऑल्विनच्या चित्रात एकही चेहरा हिरवा झाला नाही.

त्यांची कामाची रीत ठरून गेली. आधी ऑल्विन साध्या कागदावर पेन्सिलीने कच्चं रेखाटन करायचा. त्यात कुठल्यातरी आडोशामागून डोकावणारं एखादं पोर असायचंच. त्यावर जसिंता प्रत्येक जागी रंगाचं नाव लिहायची. नावं सगळी तिची घरगुती: लुगड्याचा लाल, पानवेलीचा हिरवा, कोकमाचा, भाजल्या कौलाचा, फादरच्या झग्याचा जांभळा. मग रेखाटन चित्रफळीच्या, म्हणजे लेखणीने चित्र काढायच्या टॅबच्या, पडद्यावर घ्यायचं. पडद्यावर एकावर एक थर चढवता येतात, काचेवर काच ठेवावी तसे. खालच्या थरात ऑल्विन अख्खं चित्र नुसत्या राखाडी छटांत रंगवायचा. उजेड कुठून येतो, सावली कुठे पडते, ह्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. त्यावर रंगांचा थर. पडद्याच्या कडेला असलेल्या रंगांच्या चौकोनांना जसिंताने नावं देऊन ठेवलेली, हा नावं वाचून रंग लावायचा. शेवटी जसिंता बसायची, कुठे चुकलंमाकलं असेल ते तपासायला. लोक म्हणायचे, ऑल्विनचे रंग म्हणजे काय विचारता! ऑल्विन मान डोलवायचा. रंगांबद्दल कुणी काहीही बोललं तरी मान डोलवून हसायचं, ही सवयच लागली होती त्याला.

आणि दरवर्षी लोक विचारायचे, “यंदा पोर कुठे दडवलीस रे?”

ह्या पोरीची गोष्ट अशी. लग्नाच्या चौथ्या वर्षी, फेब्रुवारीत, त्यांना मुलगी झाली. अकरा दिवस जगली. इस्पितळातच घाईघाईने बाप्तिस्मा केला, आग्नेस नाव ठेवलं, आणि बाराव्या दिवशी चर्चच्या मागे मातीत ठेवून दोघं घरी आली. पुढे मूल झालं नाही. घरात आग्नेसचं नाव निघालं की ऑल्विन उठायचा आणि विहिरीवर जाऊन बसायचा. चार-पाच वेळा असं झाल्यावर जसिंताने नाव काढणं सोडून दिलं.

पण त्या वर्षीच्या मुखपृष्ठावर शेवटचा हात फिरवताना तिला राहवलं नाही. मारियेच्या मांडीवर बाळ, आणि आपली मांडी रिकामी. तिने एक नवा थर उघडला आणि केळीच्या दाट हिरव्या पानांत नखाएवढी, बाळाला निजवायची लाल झोळी टांगली. रंग मात्र जाणूनबुजून निवडला. ऑल्विनला लुगड्याचा लाल आणि पानवेलीचा हिरवा सारखेच मातकट दिसतात, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? दोन्हींचा उजळपणा तिने तंतोतंत जुळवला. ज्याला बघायचं तो बघेल. ह्याला दिसणार नाही, ह्याच्या जिवाला लागणार नाही.

पुढच्या वर्षी हिरव्यात एक रांगणारी लाल पोर आली. त्यापुढच्या वर्षी उभी राहिली. लोकांच्या ते ध्यानात आलं. पोरं अंक हातात पडला की आधी तिला शोधायला लागली. मिस्सानंतर चर्चच्या आवारात कुणीतरी ऑल्विनच्या पाठीवर थाप मारून म्हणालं, “पोरगी गोड आहे हं! शोधून शोधून दमलो.” ऑल्विन हसला. म्हणाला, “शोधा की, सापडेल.”

जसिंता बाजूलाच होती. तिच्या छातीवरचा केवढा धोंडा उतरला! म्हणजे ह्याला कळलं तर. कुणीतरी सांगितलं असणार. कळूनही हा रागावला नाही, उठून विहिरीवर गेला नाही. बोलत नसेल, पण ह्यालाही ती हवी आहे. त्या दिवसापासून तिला वाटत आलं की आग्नेसला आपण दोघं मिळून वाढवतोय. अशी एकोणीस मुखपृष्ठं झाली.

मग मुंबईत रंगांधळेपणावर उपचार सुरू झाल्याची बातमी आली. जसिंतानेच वाचली, जसिंतानेच ऑल्विनला ओढत नेलं. डॉक्टर पाठारे म्हणून मध्यम वयाच्या बाई होत्या, समजावून सांगण्याची हौस असलेल्या.

“डोळ्याच्या पडद्यावर रंग ओळखणाऱ्या तीन प्रकारच्या पेशी असतात,” त्या म्हणाल्या. “प्रत्येकीत वेगळं रंगद्रव्य. एक निळ्या उजेडाला जागते, एक हिरव्याला, एक लालला. पण हा लाल, हा हिरवा असा आयता निरोप मेंदूला कुणी देत नाही. तो तिघींच्या साक्षी ताडून बघतो आणि मग रंग ठरवतो. तुमच्याकडे हिरव्याची साक्ष द्यायला कुणी नाहीच. तिच्या जागी असलेल्या पेशींतही लालचंच रंगद्रव्य आहे. दोघी एकच गोष्ट सांगतात, मेंदू ताडणार काय?”

“मग आता?”

“ते रंगद्रव्य कसं बनवायचं ह्याची कृती एका जनुकात असते. तुमच्याकडे ते जनुक जन्मापासून नाही. आम्ही ते एका निरुपद्रवी विषाणूत भरतो आणि सुईने डोळ्यात सोडतो. विषाणू पेशींत शिरून कृती पोचवतो, आणि काही पेशी नवं रंगद्रव्य बनवायला लागतात. आठ-दहा आठवडे जातात. माकडांवर हे साधून तीसएक वर्षं झाली, माणसांवर आता कुठे करतोय.”

“पण पन्नाशीला आलेला मेंदू हे नवं शिकेल?” ऑल्विनने विचारलं.

“माकडं शिकली. तीही वाढलेलीच होती.”

“मग काळजी नको,” जसिंता म्हणाली, “हाही काही कमी नाही.”

डॉक्टरीणबाई हसल्या. “एक लक्षात ठेवा. ह्यांना रंग दिसतील, पण रंगांची नावं दिसणार नाहीत. ती तुम्हालाच शिकवावी लागतील.”

परतीच्या वाटेवर ऑल्विनची बडबड थांबत नव्हती, आणि जसिंता खिडकीबाहेर बघत होती. आपणच आणलं ह्याला, हे खरं. पण ह्याला दिसायला लागल्यावर शेवटचा हात फिरवायला आपल्याला कोण बोलावणार? मग आग्नेसला चित्रात कोण घेणार? हाच घेईल, तिने स्वतःला बजावलं. बाप आहे तिचा. पण जीव काही थाऱ्यावर येईना.

उपचार ऑगस्टमध्ये झाला. इस्पितळात जायच्या आदल्या दिवशी ऑल्विनने बाहेरच्या खोलीतली दोन जुनी मुखपृष्ठं भिंतीवरून उतरवली आणि बाकीच्या अंकांबरोबर कपाटात ठेवली. “हे कशाला?” जसिंताने विचारलं. “नको आत्ता,” एवढंच तो म्हणाला. लेकीला डोळे भरून बघायची वेळ आली, तर हा तिला कपाटात ठेवतोय.

ऑक्टोबरमधल्या एका सकाळी अंगणातून हाक आली. “जसिंता! ह्या झाडाला काय झालंय बघ!”

ती पिठाच्या हातांनी धावली. जास्वंदीला काहीच झालं नव्हतं. नेहमीसारखी फुलली होती. ऑल्विन मात्र तिच्यासमोर भूत बघितल्यासारखा उभा.

“हे... हे इतकी वर्षं इथेच होतं?”

“लग्न झालं त्या पावसाळ्यात मी लावलीय.”

“आणि मला कुणी सांगितलं नाही!”

“रोज सांगत होते, बाबा,” जसिंता म्हणाली आणि पिठाच्याच हातांनी तिने डोळे पुसले. खूप आनंद झाला होता तिला.

पुढचा महिनाभर ऑल्विनने घर डोक्यावर घेतलं. बाजारात टोमॅटोच्या ढिगासमोर त्याला हुंदका आला, तर भाजीवालीला वाटलं भाव ऐकून रडतोय. भडक शर्ट घेऊन आला तीन. दिवसभर एकच धोशा: “हा कुठला? आणि हा? ह्याला काय म्हणतेस तू?” जसिंता नावं सांगायची. हळूहळू विचारणं कमी झालं. मग एके दिवशी बंद झालं.

नोव्हेंबर लागला तसं मुखपृष्ठाचं काम आलं. आताचे संपादक फादर रुबेन तरुण, घाईचे. “पंधरा तारीख म्हणजे पंधरा तारीख, ऑल्विन.” ऑल्विनने कच्चं रेखाटन केलं ते फारच सुंदर. खाडीवर होडी लागलीय, परदेशी गेलेली मुलं नाताळाला घरी येतायत, धक्क्यावर आई-बाप, आणि मागे केळीच्या बागेत गोठा. डावीकडे केळींच्या मधोमध त्याने एक जागा मोकळी सोडली होती. जसिंताने ती बरोबर हेरली. सवयीने तिने नावं लिहायला पेन्सिल उचलली.

“राहू दे,” ऑल्विन मऊ आवाजात म्हणाला. “यंदा मी बघतो. एकदा तरी मला एकट्याला करू दे.”

तिने पेन्सिल खाली ठेवली. बरोबरच होतं त्याचं. तरी ती आत जाऊन उगीचच घासलेली भांडी पुन्हा घासत बसली. ‘त्या जागेत आग्नेसला घे’ एवढं सांगायला किती वेळ लागला असता? पण ते मागून घ्यायचं? बापाकडे? नाही म्हणजे नाही. यंदा तिचं विसावं वर्ष चालू होतं. ह्याच्या मनात असेल तर हा आपणहून घेईल.

पंधरा तारखेला दुपारी ऑल्विनने हाक मारली. “ये, झालं.”

जसिंताने पाहिलं. चाळीस तऱ्हेचे हिरवे असतील त्या चित्रात. कोवळे, करडे, ऊन लागून पिवळावलेले. तिने आयुष्यात इतके कधी सुचवले नव्हते. तिची नजर डावीकडे गेली. मोकळ्या जागेत उन्हाचा एक पट्टा पडला होता. बाकी कुणी नव्हतं. तिने सगळी पानं पुन्हा धुंडाळली.

“कसं झालंय?”

“तिला का गाळलंस?”

“कुणाला?”

“सोंग करू नकोस, ऑल्विन. नको होती तर पहिल्याच वर्षी सांगायचं होतंस. एकोणीस वर्षं लोकांसमोर हसलास, आणि रंग दिसायला लागले तर तिलाच बाहेर काढलंस?”

“अगं, कुणाला गाळलं मी? ती पोर म्हणतेस? आहे की!” त्याने बोट ठेवलं. विहिरीच्या कठड्यामागून दोन वेण्यांची एक खट्याळ मुलगी डोकावत होती. अशी एखादी तो दरवर्षी काढायचाच. “ही बघ. हिला कशाला गाळीन? लोक हिलाच तर शोधतात.”

जसिंता त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. “लोक विचारायचे, पोर कुठंय,” ती सावकाश म्हणाली, “तेव्हा तुला ही वाटायची?”

“मग दुसरी कोण?”

एकोणीस वर्षं! एकोणीस वर्षं आपण दोघांचा म्हणून जो संसार केला, तो आपण एकटीनेच केला. रांगायला लागली तेव्हा एकटी, शाळेत घातली तेव्हा एकटी. ह्याने नुसती मान डोलवली, आणि त्या डोलवण्यावर आपण केवढा विश्वास टाकला. तिला भयंकर राग आला. राग कुणाचा, ते कळेना. दिसू नये असा रंग तर तिनेच निवडला होता.

“जसिंता, कोण होती?”

“आग्नेस,” ती म्हणाली. “हिरव्यात. तुला दिसू नये अशी.”

ऑल्विन उठला. जसिंताला वाटलं, आता हा विहिरीवर जाणार. पण तो कपाटाकडे गेला. आग्नेसच्या वर्षापासूनचे सगळे अंक काढून त्याने वर्षांप्रमाणे जमिनीवर मांडले आणि त्यांच्यासमोर उकिडवा बसला.

“मी हे बघत नव्हतो,” तो म्हणाला, “कारण मला भीती वाटत होती. ज्या रंगांसाठी लोक मला मानतात ते सगळे तुझे आहेत, हे एकदा दिसलं की मी उरणार किती? म्हणून लपवले होते.” एवढं बोलून त्याने पहिला अंक उचलला आणि डोळ्यांजवळ धरला. त्याला झोळी दिसली होती.

जसिंता खाली त्याच्या शेजारी येऊन बसली. किती तरी वेळ तो एकेक अंक हातात घेत होता.

“ही उभी राहिली कधी?”

“इथे. तिसऱ्या नाताळला.”

“आणि ही अशी पाय दुमडून का बसलीय?”

“आंब्यावरून पडली. गुडघा फुटला होता.”

“रडली का फार?”

“फार नाही. तुझ्यासारखीच आहे, आतल्या आत ठेवते.”

“ह्या वर्षी पाठमोरी का?”

“रुसली होती. पहिल्या कम्युनियनला सगळ्या मुलींसारखा पांढरा फ्रॉक हवा होता, आणि मी लालच दिला. पोरं लालच शोधतात ना तिला.”

ऑल्विनने हाताच्या पालथ्या बाजूने नाक पुसलं. सोळाव्या अंकात ती उंच झाली होती, सतराव्यात पुस्तक घेऊन बसली होती. एकोणिसावा अंक त्याने खाली ठेवलाच नाही. त्याच्याकडे बघता बघता जसिंताचा राग कुठल्या कुठे गेला. तिच्याजवळ निदान ही एकोणीस वर्षं होती. ह्याच्याजवळ फक्त अकरा दिवस होते.

तेवढ्यात फादर रुबेनचा फोन आला. “ऑल्विन, अरे, फाइल कुठंय? छापखाना खोळंबलाय.”

“फादर, उद्या देतो.”

“आता काय राहिलं?”

“आमची मुलगी यायची राहिलीय,” ऑल्विन म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

जसिंताला गलबलून आलं. एवढ्या वर्षांत हे दोन शब्द तिने त्याच्या तोंडून ऐकले नव्हते. पण चित्राकडे नजर गेली, आणि ते त्याने एकट्याने, पहिल्यांदा, इतका जीव लावून केलं होतं, की तिचं मन मागे सरलं.

“राहू दे रे,” ती म्हणाली. “फार सुंदर झालंय, त्याला हात नको लावूया. ती काय, विशीची झाली. एवढ्या मोठ्या मुली थोड्याच घरात बसतात? शिकायला कॅनडाला गेली म्हणून सांगू लोकांना. कुणी विचारलंच तर.”

“काही जात नाही कुठे,” ऑल्विन म्हणाला. तो उठला, पडद्यासमोरच्या आपल्या खुर्चीशेजारी त्याने दुसरी खुर्ची ओढली आणि लेखणी तिच्या हातात दिली. “तुझं झालं असेल तिला बघून. मला ती आज भेटलीय.”

जसिंताने पदराने डोळे पुसले, खुर्चीवर बसली आणि नवा थर उघडला.